सुरक्षाप्रमुखाची शिट्टी

आमच्या घराच्या दारावर तीन ग्रीक अक्षरं आहेत. ती वाचता येणारा आत एकही नाही, पण त्यांच्यासाठी जीव ओवाळून टाकायला सगळे तयार. कॉलेजातलं हे बंधुमंडळ. इथे राहणारे सगळे एकमेकांचे भाऊ, आणि मी या भावांचा सुरक्षाप्रमुख. निवडणूक झाली तेव्हा मी सगळ्यांसाठी पिझ्झा आणायला गेलो होतो. परत आलो तर टाळ्या चालू होत्या. मला वाटलं, पिझ्झासाठी आहेत.

असं एक पद ठेवाच, असा कॉलेजचा आग्रह असतो. काम म्हणजे गळ्यात शिट्टी घालून मिरवायचं आणि दर वर्षी नव्या पोरांसमोर एक भाषण ठोकायचं. यंदाचं माझं भाषण बुडणाऱ्या माणसावर होतं. त्याच्यामागे उडी मारू नका, दोरी बांधलेलं रबरी कडं फेका, वगैरे. अर्धी पोरं झोपली. टोबायस नावाच्या एकाने तेवढं विचारलं, "दोरीचं दुसरं टोक कुठे बांधायचं, सर?" मला उत्तर येत नव्हतं. मी म्हणालो, "चांगला प्रश्न आहे," आणि भाषण संपवलं.

नव्यांनी आम्हाला सर म्हणायचं, आमचे शर्ट इस्त्री करायचे, आणि ऑक्टोबरात घंटा वाजवायची. म्हणजे सूट, टाय, बूट सगळं घालून घरामागच्या तळ्यात धक्क्यावरून उडी मारायची, मधल्या तराफ्यापर्यंत पोहत जायचं, तिथली पितळी घंटा वाजवून परत यायचं. मग तो आपला भाऊ. इथे मिनेसोटात पावलोपावली तळी, पोरं चालायच्या आधी पोहतात, त्यामुळे तुला पोहता येतं का, हे विचारायचं आजवर कुणाला सुचलंच नव्हतं. सुरक्षाप्रमुखालाही नाही.

टोबायस कॅन्ससचा. नव्या पोरामागे एक थोरला भाऊ नेमतात, त्याच्या वाट्याला मी आलो होतो. एका दुपारी माझ्या शर्टाची कॉलर दाबता दाबता तो म्हणाला, "सर, ते तळं किती खोल आहे?"

"का रे?"

"आमच्याकडे पाणी म्हणजे गुरांची टाकी. त्यात उभं राहिलं की कमरेला लागतं."

"म्हणजे तुला पोहता येत नाही?"

"जमेल हो. मी व्हिडिओ बघतोय."

"टोबायस, व्हिडिओ बघून माणूस आमलेट करतो. पोहत नाही."

"कुणाला सांगू नका, सर. सांगितलंत तर मला काढतील. इथे मला दुसरं कोण आहे?"

त्याने शर्टाची घडी घातली. ती माझ्या आईलासुद्धा अशी जमत नाही.

मी तडक डीनच्या कचेरीत गेलो. तडक म्हणजे दारापर्यंत. आतल्या बाईंनी मान वर करून विचारलं, "बोला, काय काम आहे?" डोळ्यांसमोर कॉलेजने बंद केलेलं आमचं घर आलं, माझी खोली आली, मला शिव्या घालणारे सगळे भाऊ आले. मी म्हणालो, "स्वच्छतागृह कुठे आहे?" त्यांनी नीट पत्ता सांगितला. वाया जाऊ नये म्हणून मी जाऊनही आलो.

रविवारी जेवणानंतर घराची सभा असते. नव्यांना तिथे प्रवेश नाही. आमचा अध्यक्ष ग्रेडी, हातात लाकडी हातोडी असली की स्वतःला न्यायाधीश समजतो. मी हात वर केला.

"काय कॉर्बिन, पिझ्झा मागवायचाय?"

"यंदा घंटा नको, असं मला वाटतं."

"का?"

"थंडी फार आहे."

"ऑक्टोबर आहे बाबा. नारळाची झाडं लावू का तळ्याकाठी?"

"आणि कुणी बुडलं तर?"

"आजवर कोण बुडलंय?"

"बुडेपर्यंत कुणीच बुडालेलं नसतं, ग्रेडी."

वाक्य मला आवडलं होतं. सभेला नाही.

"तुझ्याकडे येऊन कोण रडलं? नाव सांग."

नाव जिभेवर होतं. सांगितलं असतं तर टोबायसची बॅग संध्याकाळी फाटकाबाहेर दिसली असती. "कुणी नाही. मलाच भीती वाटते," मी म्हणालो.

सगळे पोट धरून हसले. ग्रेडीने हातोडी आपटली. "घराचा नियम माहीत आहे ना? जो प्रथा मोडा म्हणतो, त्याने आधी ती पुन्हा पार पाडायची. मग त्याची हरकत ऐकायची. शनिवारी नव्यांच्या आधी तू."

पण खोलीत गेल्यावर डोकं चाललं. अर्ध्या वाटेवर बुडण्याचं नाटक करायचं! सगळ्यांची टरकेल आणि घंटा आपोआप बंद पडेल. शाळेच्या नाटकात मी एकदा मेलो होतो, तेव्हा आई खरंच रडली होती.

शनिवारी दुपारी सगळं घर धक्क्यावर जमलं. नवी पोरं सूट घालून रांगेत उभी. टोबायसने तर बुटांना पॉलिशही केलं होतं. मी शिट्टीसकट उडी मारली.

अर्ध्या वाटेवर नाटक सुरू करणार, तेवढ्यात पायात गोळा आला. खरा. दुसऱ्या पायानेही साथ सोडली, कोट शिशासारखा जड झाला आणि नाकातोंडात पाणी गेलं. अभिनयाची गरजच उरली नाही. मी ओरडलो.

"वा वा, बक्षीस द्या रे याला!" धक्क्यावरून कुणीतरी म्हणालं.

मी शिट्टी तोंडात धरून जीव खाऊन फुंकली. माझ्या शिट्टीला या घरात कुत्रंही विचारत नाही. हशा वाढला. इथेच मरणार, आणि हे टाळ्या वाजवणार, हे मला तेव्हा अगदी लख्ख कळलं. मी फार घाबरलो होतो.

मग कुणीतरी खरंच हाक मारली. "कॉर्बिन, धर!"

पुढ्यात धक्क्यावरचं रबरी कडं येऊन पडलं. मी त्याला मिठी मारली. धक्क्यावरच्या खांबाला दोरीचं टोक बांधून टोबायस एकटा ओढत होता. मग बाकीचे धावले.

मला वर घेतलं, कांबळ्यात गुंडाळलं. ग्रेडीचा चेहरा उतरला होता, तरी जीभ चालू होती. "घंटा काही वाजली नाही. म्हणजे हरकत बाद."

"मला पोहता येत नाही," टोबायस म्हणाला.

"काय?"

"मला पोहता येत नाही, सर."

रांगेतून एक चष्मेवाला पुढे आला. "मलाही नाही." त्याच्या मागच्याने नुसताच हात वर केला.

ग्रेडी त्यांच्याकडे बघत राहिला, मग तळ्याकडे. "तरी उडी मारणार होतात?"

"हो, सर."

"अरे, मग बोलला का नाहीत?"

"पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलंत," टोबायस म्हणाला. "नव्यांनी फक्त हो म्हणायचं."

कुणी हसलं नाही. ग्रेडीने टाय सैल केला. "बरं. यंदा घंटा नाही."

यंदा! मला काहीतरी जबरदस्त बोलायचं होतं. तोंड उघडायला गेलो तर थंडीने दातखीळ बसलेली, आणि दातांत शिट्टी तशीच अडकलेली. ती कर्कश वाजली.

सगळे एकदम माझ्याकडे वळले. पहिल्यांदाच.

मी शिट्टी ओढून काढली. "यंदा नाही, कधीच नाही. सोमवारी मी डीनकडे जाणार. मागे दारातून स्वच्छतागृहाचा पत्ता विचारून परत आलो. या वेळी आत जाणार."

टोबायस ओली दोरी गुंडाळत होता.

"मी येतो बरोबर," तो म्हणाला. "दारापासून पुढे तुला कुणीतरी ढकलायला लागेल."