वीब्रनचा तळपाय

जखमेत घातलेल्या सळईला टक्‌ करून काहीतरी कठीण लागलं. हाड! जखम हाडापर्यंत पोचली की पाय वाचणं कठीण.

फ्रीसलंडच्या या खेड्यांतून घरोघरी फिरून जखमा बांधते मी, एकवीस वर्षं झाली. पण वीब्रनच्या उजव्या तळपायानं मला हात टेकायला लावले होते. साखरेच्या आजारानं पाय बधिर. चार महिन्यांपूर्वी साधा फोड होता. दर सोमवारी मी मेलेलं मांस काढायचे, तळाशी नव्या मांसाचे लालचुटूक दाणे धरायचे, कडा जवळ यायच्या. वाटायचं, भरली बाई एकदाची. की पुढच्या सोमवारी पुन्हा फाटलेली! रोजची पट्टी त्याची बायको हिल्के करायची, माझ्याहून हळुवार हातानं. आता गुरुवारी इस्पितळात ठरणार होतं, पाय ठेवायचा की गुडघ्याखाली कापायचा.

“इस्पितळानं दिलेला तो खास बूट घालताय ना?” मी विचारलं.

“घालतो की! हा काय.” वीब्रननं खुर्चीखालचा बूट पुढे सरकवला.

मी तो उलटा केला. तळ कोरा करकरीत. चाळीस गाईंचं शेण तुडवणाऱ्या माणसाचा!

माझं डोकंच फिरलं. “मला काय दूधखुळी समजता? गोठ्यात काय घालता?”

“लाकडी बूट. माझा बाप घालायचा तेच. त्यात काय एवढं? घरात तर हाच असतो पायात.”

गोठ्यातले लाकडी बूट घरात कुणी आणत नाही आमच्याकडे, ते मागच्या दाराबाहेरच राहतात. त्यामुळे मी ते कधी पाहिलेच नव्हते. विचारलंही नव्हतं, माझी मेलीची चूक. तरातरा गेले, उजव्या बुटात हात घातला आणि किंचाळले. बोटाला रक्त. आत गव्हाच्या दाण्याएवढं खिळ्याचं टोक वर आलेलं.

“अगं बाई! यावर चार महिने चालताय तुम्ही?”

एका पायावर लंगडत आलेला वीब्रन त्या टोकाकडे बघतच राहिला. “मला काहीच कळलं नाही गं पोरी.”

मागे धप्‌ आवाज झाला. हिल्के भिंतीला धरून खाली बसली होती, पांढरीफटक.

“तळ तडकला होता,” ती म्हणाली. “मीच पत्रा लावून खिळे ठोकले. नवे घेतले तर चावतील म्हटलं, आधीच फोड. पट्टीला रोज भोक दिसायचं, मला वाटायचं, जखमच खातेय. रोज संध्याकाळी मी धुवायचे गं ती... आणि रोज सकाळी तेच बूट पुढे करायचे.” मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, “आता खिळा काढला की भरेल ना? भरेल ना गं?”

हाडाला लागलेली सळई माझ्या हाताला अजून जाणवत होती.

वीब्रन तिच्याशेजारी जमिनीवरच बसला. “रडू नकोस, वेडे,” तो तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला. “शपथेवर सांगतो, मला एकदाही दुखलं नाही.”

ते ऐकून ती आणखीच रडायला लागली.