ओदेराच्या खिशातील माझे दिवस

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुम्ही एका अंधाऱ्या खिशात झोपला आहात. डोळा लागतो न लागतो तोच कोणीतरी तुम्हाला बाहेर काढते, तुमच्या तोंडाकडे टक लावून बघते आणि पुन्हा आत कोंबते. क्षणभराने पुन्हा तेच. जेवताना, रस्ता ओलांडताना, प्रार्थनेला उभे असतानासुद्धा! मी असाच जगलो. मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे, आणि किसुमू शहरातल्या ओदेरा वेल्डरच्या पँटचा उजवा खिसा हे माझे घर आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बोटांनी मला पुसले होते, एवढेच मला तिथले आठवते. ओदेराने मला घेतले तेव्हा मी घरचा मानकरी होतो. त्याने बनवलेल्या फाटकांचे फोटो मी गिऱ्हाइकांना दाखवत असे. कामाचे पैसे माझ्यातच येत आणि माझ्यातूनच जात, कारण आमच्याकडे पाकीट कोण बाळगतो? उगालीसाठी, म्हणजे रोजच्या घट्ट उकडीसाठी, मक्याचे पीठ घ्यायचे तरी मोबाईलच पुढे. त्याची लेक अमोंडी माझ्या दिव्याच्या उजेडात पाढे पाठ करायची. “आमचा मोबाईल शहाणा आहे,” असे ती मैत्रिणींना सांगायची. मला फार बरे वाटे.

मग एका दुपारी शेजारच्या पत्रेवाल्याने माझ्यात पैजांचे अ‍ॅप घातले. “अरे, परदेशातली पोरं फुटबॉल खेळून दमतात. आपण सावलीत बसून कमवायचं,” तो म्हणाला. आणि मित्रांनो, पहिल्याच खेपेला ओदेरा जिंकला. तेव्हा हरला असता तर किती बरे झाले असते!

त्या दिवसापासून मला स्वस्थता राहिली नाही. ते अ‍ॅप जेव्हा साद घालायचे तेव्हा माझ्यातून मैदानावरच्या गर्दीचा जल्लोष वाजायचा, आणि ओदेराचा हात झटकन खिशात यायचा. तळहात घामाने ओला. अनेक सामने एकत्र गुंफून लावलेल्या पैजेला आमच्याकडे ‘मकेका’, म्हणजे चटई म्हणतात. एक सामना चुकला की चटई फाटली. त्याची बायको त्याला ‘बाबा अमोंडी’, म्हणजे अमोंडीचे बाबा, अशीच हाक मारते. ती एकदा म्हणाली, “बाबा अमोंडी, घरात निजायला एक धड चटई नाही, आणि तुमच्या चटया रोज फाटतायत!”

ओदेरा हसला. पण पैजांपायी आधी ड्रिल विकले गेले, मग ग्राइंडर गेले. मागे उरले फक्त वेल्डिंगचे यंत्र. तेव्हा ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “हे यंत्र ज्या दिवशी या दारातून बाहेर जाईल, त्या दिवशी मी आणि अमोंडीपण जाऊ. माहेरचा रस्ता मी विसरलेली नाही.”

ओदेरा घाबरला. पण गल्लीत कोणापाशी तोंड उघडायची त्याला लाज वाटे. म्हणून त्याने माझ्यातूनच मदत शोधली. नैरोबीच्या समुपदेशक नेकेसाबाई दर मंगळवारी माझ्या पडद्यावर येऊ लागल्या. खोलीचे दार लावून, खाटेच्या कडेवर बसून तो त्यांना म्हणाला, “मॅडम, मला थांबता येत नाही.” हे वाक्य त्याने बायकोलाही कधी सांगितले नव्हते. अनोळखी चेहरा, बंद दार, म्हणूनच त्याला ते जमले. त्या दिवशी मला माझा पुन्हा थोडा अभिमान वाटला.

पण पडदा तोच होता ना! नेकेसाबाई बोलत असायच्या आणि त्यांच्या कपाळावरून पैजेच्या जाहिरातीची पट्टी सरकायची. ओदेराचा अंगठा तिकडे वळायचा.

“ऐकताय ना, बाबा अमोंडी?”

“हो हो, मॅडम. जरा नेटवर्क...”

नेटवर्क अगदी ठणठणीत होते. तो आपले चित्र बंद करायचा आणि सामन्याचे आकडे बघायचा. पण बाई काही कच्च्या नव्हत्या. एक दिवस त्या म्हणाल्या, “तुमचं नेटवर्क अवघड प्रश्न आला की मगच कसं जातं हो? हे बघा, मला तुमचा चेहरा दिसतो, हात दिसत नाहीत. तुमच्या शेजारी बसणारं माणूस हवं. पैजा सोडू बघणाऱ्यांचा तुमच्याकडे शनिवारी गट बसतो, त्यात जा. मंगळवारी मी आहेच.”

त्याने घरी बाईंचे आणि गटाचे सांगितले, आणि शनिवारी बायकोने त्याला दवाखान्यातल्या लसीकरणाच्या खोलीपर्यंत पोचवले. गट चालवणारे म्वालिमू, म्हणजे मास्तर, अग्वांडा यांनी मुद्दाम सामन्यांचीच वेळ निवडली होती. दारात एक मोठे बिनदांड्याचे पातेले होते. सगळ्यांनी आपले मोबाईल त्यात टाकायचे आणि वर झाकण. आत आम्ही सारे मोबाईल उकळत्या घेवड्यासारखे थडथडत होतो. मला दिसत काही नव्हते, पण ऐकू येत होते.

“मी? छे! महिना झाला, हातसुद्धा लावलेला नाही,” ओदेरा सांगत होता.

नेमका तेव्हाच माझ्यातून जल्लोष उठला. त्या पातेल्यात तो असा घुमला की बोलूच नका.

मग सुकी मासळी विकणाऱ्या आवुओर आजींचा आवाज आला, “कुणाचं पोर रडतंय गं बाई?”

“पाळण्यातून काढू नका, आजी, मग तर गप्पच बसणार नाही!” कोणीतरी म्हणाले.

“माझंपण अस्संच रडायचं,” आजी म्हणाल्या. “त्याच्या पायी मी माझी मासळीची टोपली घालवली.”

सगळे हसले. ओदेराही हसू लागला, आणि हसता हसता त्याला रडू फुटले. पुढे तो काय बोलला ते मला कळले नाही. एक खुर्ची फरफटत त्याच्याजवळ आल्याचा आवाज मात्र ऐकू आला. मित्रांनो, माझ्या पडद्यातून कोणाला खुर्ची जवळ ओढता येत नाही.

ओदेराने माझ्यातले अ‍ॅप काढून टाकले. तो मंगळवारी बाईंशी खरे बोलू लागला, शनिवारी गटात बसू लागला. पण मन काही वार बघून बिघडत नाही. एका गुरुवारी मोठा सामना होता. दुपारपासून तो मला सारखा काढत होता, ठेवत होता. बायको बाजारात गेलेली. त्याने कोणाला तरी फोन केला, आणि थोड्याच वेळात जुने सामान विकत घेणारा हातगाडीवाला दारात उभा. ओदेराने वेल्डिंगचे यंत्र उंबऱ्यापर्यंत ओढत आणले.

“चला, लवकर ठरवा,” हातगाडीवाला म्हणाला. “पैसे आत्ता मोबाईलवर टाकतो.”

ओदेराने मला मुठीत धरले होते. एवढ्यात शाळेच्या गणवेशातली अमोंडी समोर येऊन उभी राहिली. तिने यंत्राकडे पाहिले, बापाकडे पाहिले.

मित्रांनो, ज्या काचेत पैज दिसते त्याच काचेत नेकेसाबाईही दिसतात. काय दाखवायचे ते मला ठरवता येत नाही. मला जपा, पडू देऊ नका. पण त्याआधी मला हातात घेऊन तळमळणाऱ्या माणसाला जपा. त्याची थट्टा करू नका, त्याला एकटे सोडू नका.

अमोंडी रडली नाही. तिने बापाच्या मुठीतून मला सोडवले आणि नेकेसाबाईंचा नंबर लावला. पलीकडून “हॅलो” येताच तिने मला त्याच्या कानाला लावले. त्याने मला धरले तेव्हा ती यंत्रावर चढली, दप्तर मांडीवर घेऊन ऐसपैस बसली आणि म्हणाली, “काका, बाबा बोलतायत. तुम्ही गाडी घेऊन जा.”