सोपानरावांच्या पोरानं मिशी काढली

सांगवीच्या कुलदीपच्या गलमिशा थेट कानाला जाऊन भिडलेल्या होत्या. पाठीला सिलिंडर बांधून कंपन्यांच्या टाक्यांत उतरायचं आणि अडकलेलं मोकळं करायचं, हा त्याचा धंदा. चाकणच्या एका कंपनीत सांडपाण्याच्या टाकीतला व्हॉल्व्ह अडकला, तेव्हा त्यालाच बोलावणं आलं.

"तोंडात नळी धरून या पाण्यात उतरू देणार नाही," सेफ्टी ऑफिसर दिव्या म्हणाली. "फुल फेस मास्क पाहिजे. सगळा चेहरा कोरडा राहतो, शिवाय वरच्या माणसाशी हेडफोनवरून बोलताही येतं."

मास्क कुलदीपकडे होता. तो लावून त्यानं स्वच्छ पाण्याच्या पिंपात डोकं बुडवलं, तर गालावरून पाणी आत. पट्टे आवळले, तरी तेच.

"रबर कातडीला चिकटायला हवं, दादा. मध्ये तुमच्या मिशा येतात. उद्या सकाळी गुळगुळीत होऊन या, मगच परवानगी."

कंपनीच्या गेटसमोरच सलून होतं. "सगळं काढ," कुलदीप म्हणाला. न्हाव्यानं आधी मोबाइलवरचं गाणं बंद केलं आणि मग हलक्या हातानं वस्तरा फिरवला. असं का, हे कुलदीपला सांगवीच्या चौकात कळलं. वडिलांचे दोस्त रंगराव त्याचा चेहरा बघून जागीच थबकले.

"कवा गेलं रं सोपानराव?"

"तात्यांना काय झालंय? मास्क बसंना म्हणून काढली मिशी."

"बाप गेल्याबिगर कुणी मिशी काढतं व्हय! धक्का बसलाय पोराला," रंगराव पानवाल्याला म्हणाले.

कुलदीप हसला आणि सिलिंडरात हवा भरून घ्यायला कासारवाडीला निघून गेला. तीच चूक झाली. दीड तासानं घरी येतो तो दारात मांडव, पन्नास खुर्च्या आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स. फ्लेक्सखाली सोपानराव स्वतः बसलेले.

"फोटो कुठला घेतलाय बघ," ते म्हणाले. "डोळं मिटल्यात."

लोक येत होते. आधी फोटोला नमस्कार करत, मग सोपानरावांना. "तात्यांनी तालमीला जागा दिली," एकानं गहिवरून सांगितलं.

"अर्धीच. अर्धी तुझ्या बापानं दिली," सोपानरावांनी दुरुस्ती केली.

आई, छबूबाई, पिठाच्या हातानं बाहेर आली. "मी कुंकू लावून उभी हाय, ते दिसंना का कुणाला?"

"दिसतंय की, वहिनी," रंगराव म्हणाले. "पर पोराची मिशी गेली म्हंजे कुणीतरी गेलंच असणार."

शेवटी कुलदीपनं मास्क आणला, तोंडावर चढवला आणि आतून सगळं समजावून सांगितलं. बाहेर नुसतं घूं घूं ऐकू आलं.

"रडून घेऊ द्या बिचाऱ्याला," कुणीतरी म्हणालं.

दुसऱ्या दिवशी सोपानराव चाकणला निघाले. "ज्याच्यापायी मेलो, ते काम तरी बघू दे."

दिव्यानं त्यांना हेल्मेट घालून टाकीच्या काठावर बसवलं. कुलदीप खाली गेला. डोळ्यांपुढं मिट्ट काळं. व्हॉल्व्ह हातानंच चाचपायचा. गालाला रबर घट्ट बसलं होतं, आत एक थेंब नव्हता. एवढ्यात कानात आवाज आला. दिव्याचा नव्हता.

"जयसिंग आला न्हाई रं."

"तात्या, हेडफोन मॅडमना द्या."

"साठ वर्षांचा दोस्त. माझ्या मयताला आला न्हाई, तर खरा मेल्यावर काय येणार?"

पळून जायची सोय नव्हती. कुलदीपनं व्हॉल्व्हला पाना लावला आणि जोर देता देता त्याला काल रात्री आलेला घाटावरच्या रखवालदाराचा फोन आठवला. गडबडीत सांगायचाच राहिला होता.

"तात्या, जयसिंगकाका आले होते. ते थेट घाटावर गेले. लाकडं रचून दिवेलागणीपर्यंत तुमची वाट बघत बसले होते."

मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"मग त्याला सांगितलं कुणी, मी जित्ता हाय म्हणून?"

कुणीच सांगितलं नव्हतं. हेडफोन खाली ठेवल्याची खरखर झाली. पाना एकदम सैल फिरला, व्हॉल्व्ह सुटला, पण ते सांगावं कुणाला? वरून लांबून सोपानरावांचा फोनवरचा आवाज येत होता.

"जयसिंग, मी सोपान. आरं, घाबरू नगंस! वरनं न्हाई रं, चाकणवरनं बोलतोय!"