तुळजाला घेऊन शाळा शोधताना

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले तर आधी माझ्या गंजलेल्या नळ्या दिसतील, मग ठिगळ लावलेली हिरवी बैठक. मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. भिवंडीच्या टेमघरात मात्र मला कुणी खुर्ची म्हणत नसे. सगळे म्हणत, 'तुळजाची गाडी'. मला ते नाव फार आवडायचे.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यातला. सुरुवातीची काही वर्षे मी एका इस्पितळाच्या मुलांच्या विभागात काढली. तिथे रोज नवे मूल बसायचे आणि बरे होऊन निघून जायचे. कुणी मागे वळून पाहत नसे. मग जुन्या खुर्च्या वाटण्याच्या एका शिबिरात मला तुळजा मिळाली. पोलिओने तिचे दोन्ही पाय लुळे पडले होते. तिचे बाबा वाल्मीक एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांनी मला बसच्या टपावर बांधून घरी आणले. त्या संध्याकाळी तुळजा माझ्यावरून खाली उतरायलाच तयार नव्हती. जेवलीसुद्धा माझ्यावर बसूनच.

सातवीपर्यंत सारे सोपे होते. पालिकेची शाळा घराजवळ होती आणि बैठी होती. आमची खरी परीक्षा आठवीला आली.

वाल्मीकांच्या मनात एकच शाळा होती. बाजारापलीकडची, दुमजली, निकालासाठी नावाजलेली. "मला ती शाळा मिळाली न्हाय," ते म्हणायचे, "माझ्या पोरीला मिळाली पायजे." तिथले मुख्याध्यापक सज्जन होते. त्यांनी लगेच प्रवेश दिला. "आठवीचे वर्ग वर आहेत, पण काळजी करू नका. आमचे शिपाई तिला उचलून नेतील," असे ते म्हणाले. वाल्मीकांनी त्यांना दोनदा नमस्कार केला. तुळजाची बोटे मात्र माझ्या हातावर घट्ट आवळलेली मला जाणवत होती.

शाळेच्या पहिल्या दिवशी दोन शिपायांनी तिला उचलून वर नेले. मी जिन्याखाली राहिले. मुलांनी माझ्यावर बसून शर्यती लावल्या, त्याचे मला काही वाटले नाही. पण मधली सुट्टी झाली, सारी शाळा मैदानात उतरली, आणि माझी तुळजा काही खाली आली नाही. मी जिन्याकडे बघत राहिले.

घरी आल्यावर तिची आई शांताबाई दप्तर आवरू लागली. पाण्याची बाटली सकाळी भरली तशीच काठोकाठ होती.

"अगं, दिवसभर पानी न्हाय प्यालीस?"

तुळजा हळूच म्हणाली, "पाणी प्यालं की जावं लागतं, आई. संडास खाली आहे. सारखं सारखं शिपाईकाकांना काय सांगू? उचला म्हणून?"

शांताबाईने तिला जवळ घेतले. वाल्मीक दारातच उभे होते. "सवय होईल," ते म्हणाले, पण त्यांचा आवाज पडला होता.

"सवय पानी न प्यायची व्हय?" शांताबाई म्हणाली. "तिला इचारलं का आपन, तुला कंची शाळा पायजे म्हनून?"

त्या रात्री वाल्मीक उशिरापर्यंत माझ्या चाकांना तेल घालत बसले.

मग आम्ही पुन्हा शाळा शोधायला निघालो. एका ठिकाणी सांगितले, "हिला मुंबईला वसतिगृहाच्या शाळेत ठेवा. तिथं हिच्यासारखीच मुलं असतात." तुळजा तिथल्या तिथे म्हणाली, "माझ्यासारखी म्हणजे? मी टेमघरची आहे. मला इथंच शिकायचंय." वाल्मीकांनी लगेच मला मागे वळवले.

शेवटी वज्रेश्वरीच्या रस्त्याला गावाबाहेर एक छोटी कौलारू शाळा सापडली. सगळे वर्ग जमिनीलगत होते. मुख्याध्यापिका पार्वतीबाई बाहेर आल्या. त्या वाल्मीकांशी बोलल्या नाहीत. बाकावर माझ्या उंचीला बसल्या आणि त्यांनी विचारले, "तुळजा, शाळा बघायची ना? आधी काय दाखवू?"

"बाई, संडास," तुळजा म्हणाली.

वाल्मीकांनी मान खाली घातली. पण बाई उठल्या आणि म्हणाल्या, "चल." संडासाच्या दारात मी अडकले. दार अरुंद होते आणि खाली पायरीही होती. मला वाटले, संपले! आता इथूनही परत जायचे.

बाईंनी दार नीट निरखले. "हे रुंद करावं लागेल. पायरीच्या जागी उतार करू. मला सोमवारपर्यंत वेळ दे. झालं नाही तर तसं तुला सरळ सांगेन." मग वाल्मीकांकडे वळून त्या म्हणाल्या, "एक गोष्ट लपवत नाही. आमचा निकाल त्या मोठ्या शाळेइतका चांगला नाही. प्रयोगशाळाही अर्धीमुर्धीच आहे."

वाल्मीकांना मनातली ती दुमजली शाळा सोडवत नव्हती. अखेर ते माझ्यासमोर उकिडवे बसले. "तुळजे, तूच सांग बाय. मी न्हाय बोलनार आता."

"बाबा, हीच," ती म्हणाली. "अभ्यास मी करीन ना. जिना कसा चढू?"

सोमवारी आम्ही गेलो तेव्हा सिमेंट अजून ओले होते. बाईंनी त्यावर फळी टाकली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न ढकलता, तुळजाच्या हातांच्या जोरावर त्या दारातून आत गेले. तुळजाने स्वतःच मागून दार लावले. मित्रांनो, तो केवढा मोठा मान होता, हे तुम्हाला कसे सांगू!

ती तीन वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची. सगळेच गोड होते असे नाही. पावसात शाळेचे मैदान चिखलाने भरायचे आणि मी रुतून बसायचे. काही मुली तिला आधी खेळात घेत नसत. मग त्यांना कळले, की पंच म्हणून तुळजा कुणाचीच बाजू घेत नाही, आणि तिच्याशिवाय खो-खोचा डाव सुरू होईना. दहावीला ती पहिल्या वर्गात पास झाली. वाल्मीकांनी अख्ख्या डेपोत पेढे वाटले आणि घरी येऊन माझ्या हातावरही एक पेढा ठेवला. शांताबाई हसत म्हणाली, "येडं झालं हे मानूस!"

पुढे तुळजा कॉलेजात गेली, उंच झाली, आणि मी तिला तोकडी पडू लागले. नवी खुर्ची आली. मला घरामागे पत्र्याखाली ठेवले. माझ्यावर कपडे वाळू लागले, मांजर झोपू लागले. माझा एक टायर फाटला. मला राग नव्हता, पण शाळेच्या वेळेला अजून जीव कासावीस व्हायचा.

मग एके दिवशी दिघाशी गावची शेवंता तुळजाविषयी ऐकून तिला भेटायला आली. शेतात राबणारी बाई, कडेवर सहा वर्षांची मुलगी, जाई. तिचेही पाय तसेच. तुळजाने मला बाहेर काढायला लावले. वाल्मीक आता निवृत्त झाले होते. त्यांनी दोन दिवस खपून टायर बदलला, बैठकीला ठिगळ लावले, आणि मी पुन्हा एस.टी.च्या टपावर चढले.

आता मी दिघाशीला जाईजवळ असते. परवा पारावर बसलेल्या एका पाहुण्याने शेवंताला विचारले, "पोरीचं नाव काय गं? शाळेत जाते का?"

शेवंता उत्तर देणार तोच जाईने मला गर्रकन त्याच्यासमोर फिरवले. "मला इचारा ना! मी हाय ना हितं. माझं नाव जाई, आनि मी पयलीला हाय."

पाहुणा आधी वरमला, मग हसून त्याने तिलाच पुढचा प्रश्न विचारला.

मित्रांनो, माझ्या चाकांना तेल घाला, मला पावसात ठेवू नका, हे तर मी मागेनच. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. माझ्यासारख्या गाडीत बसलेली एखादी मुलगी तुमच्या वर्गात आली, तर तिला न विचारता ढकलू नका, आणि तिच्याविषयीचा प्रश्न तिच्या आईला विचारू नका. थोडे खाली वाका आणि तिच्याशीच बोला. तिच्याकडे सांगायला पुष्कळ असते.