रंगाचे सात हात

मी खिडकी बोलतेय. वृद्धाश्रमातल्या पुरुषांच्या खोलीतली एकुलती एक खिडकी. मला उघडता येत नाही, पण बोलता येतं, आणि आज बोलले नाही तर फार उशीर होईल.

मी जन्माने सागवानी. दोन झडपा, पितळेची खिटी. ज्या सुताराने मला भिंतीत बसवलं, त्याने दोन्ही झडपा दहा वेळा उघडून-मिटून पाहिल्या आणि मगच हत्यारं आवरली. पुढे कित्येक वर्षं मी बिनतक्रार चालले. सकाळी आश्रमातली कामवाली मावशी मला ढकलायची, खोलीत कोंडलेला औषधांचा वास बाहेर जायचा आणि आठ खाटांवरची आठ म्हातारी माणसं छातीभर श्वास घ्यायची. मला त्याचा केवढा तोरा होता! खोटं कशाला बोलू?

मग शाळांमध्ये नियम निघाला. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षाला वीस तास समाजसेवा करायची, नाहीतर निकाल अडणार. गाड्या भरभरून मुलं येऊ लागली. आता चाळीस मुलांना काम तरी काय द्यायचं? अंघोळ घालायला लावावी तर म्हाताऱ्यांना लाज, गप्पा मारायला बसवावं तर मुलांना लाज. आमच्या साहेबांनी, म्हणजे व्यवस्थापकांनी, डोकं खाजवलं आणि सांगून टाकलं, "खोली रंगवा." तेव्हापासून आमची खोली दरवर्षी रंगते. पांढरी झाली, पोपटी झाली, गुलाबी झाली. रंगाची गरज आहे का, हे कुणी पाहत नाही. मुलांना तास हवे असतात आणि शाळेला फोटो.

मुलं वाईट नाहीत हो. कोवळी पोरं ती, नाकाला रंग लावून एकमेकांना हसवतात. पण लाकूड कसं रंगवायचं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. झडपा उघड्या ठेवून रंग द्यायचा आणि तो सुकेपर्यंत त्या मिटायच्या नाहीत, एवढं साधं काम. ती मला मिटलेलीच रंगवतात, फटींसकट. दुसऱ्या वर्षी मी कुरकुरत उघडले. तिसऱ्या वर्षी मावशीला खांदा लावावा लागला. चौथ्या वर्षी उघडलेच नाही. मावशीने फटीत स्वयंपाकघरातली सुरी घातली, तर तिचं टोक मोडलं. अख्ख्या आश्रमातल्या तीस माणसांचं एकटीने करणारी बाई, माझ्याशी किती वेळ झगडणार? साहेब म्हणाले, "राहू दे आता. ओरखडे दिसले तर शाळेवाल्यांना वाईट वाटेल."

माझ्या खालीच सुतारकाकांची खाट आहे. त्यांनी जन्मभर दारं-खिडक्या केल्या. आता उजवं अंग लुळं पडलंय आणि दमा असा जडलाय की एकेक श्वास ओढून आणावा लागतो. दुपारी खोली तापली की त्यांचे ओठ काळेनिळे होतात. तेव्हा ते डावा हात कसाबसा वर नेऊन माझी कड चाचपतात. मला काय झालंय आणि त्यावर उपाय काय, हे या घरात फक्त त्यांना कळतं. डॉक्टर येऊन गेले, तेही म्हणाले, "यांना मोकळी हवा मिळू द्या." साहेबांनी मान डोलावली. मी तेव्हा पाचव्या रंगाखाली होते.

यंदा पहिला वर्ग आला तो भिंतींवर फुलपाखरं काढायला. त्यातली एक चष्मेवाली मुलगी कंटाळून काकांच्या खाटेला टेकली.

"आजोबा, खरं सांगू? मला इथे यायचं नव्हतं. तास भरायचेत म्हणून आले."

"मलाही इथे यायचं नव्हतं गं," काका म्हणाले.

दोघं इतकी हसली की काकांना खोकल्याची उबळ आली. पोरगी घाबरली. "काय देऊ, आजोबा? पाणी देऊ?"

"हवा," काका म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

इतक्या वर्षांत काय हवंय, असं विचारणारी ती पहिलीच.

पुढच्या खेपेला तिने दप्तरातून कागद कापायचं कटर आणलं. वर्गाच्या मॅडम पलीकडे फुलपाखरांचे फोटो काढण्यात गुंतल्या, की हिचं काम सुरू. काका दम घेत घेत शिकवायचे. "पातं आडवं नको. फटीतच ठेव. जोर नको लावू, पोरी, लाकूड पळून जात नाही." रंगाचे पापुद्रे चादरीवर पडायचे. काका ते बोटांनी उलटून बघायचे आणि म्हणायचे, "हा गुलाबी. त्याच्या खाली पोपटी." मला पातं लागत नव्हतं असं नाही, पण इतक्या वर्षांनी माझ्या कडेला वारा लागत होता!

वरची कड सुटली. बाजूच्या सुटल्या, मधली फटही सुटली. राहिली खालची. रंग ओघळून तिथेच साचतो, म्हणून तिथला थर सर्वांत जाड. ती म्हणाली, "पुढच्या वेळी नक्की, आजोबा."

मागून मॅडम म्हणाल्या, "अगं, तुझे तर आज वीस तास भरले! आता दुसऱ्या वर्गाची पाळी." आणि त्यांनी तिच्या कार्डावर सही केली.

तरीही ती आली. आठवड्याने, एकटीच, शाळा सुटल्यावर. माझ्या काचेतून फाटक दिसतं आणि तिथलं बोलणं माझ्या काचेवर येऊन थडकतं, आत मात्र पोचत नाही. साहेब फाटकातच उभे होते.

"शाळेचं पत्र आहे?"

"नाही. मी माझी मीच आलेय."

"बाळ, पत्राशिवाय मुलांना आत सोडता येत नाही. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? आणि तुझे तास भरलेत ना? मग कशाला?"

ज्यांना जबरदस्तीने आणलं जातं त्यांच्यासाठी फाटक सताड उघडं, आणि जी मनापासून आली तिला बाहेरच थांबवलं. मला ओरडावंसं वाटत होतं. ती कटर मुठीत धरून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग गेली. काकांना खाटेवरून फाटक दिसत नाही, त्यांना ती आलेली कळलीच नाही. मावशी आली की ते रोज विचारतात, "आली होती का गं?" मावशी म्हणते, "येईल हो, काका." ती येऊन फाटकावरूनच परत गेलीय, हे मावशीलाही माहीत नाही.

आज सकाळी दुसऱ्या वर्गाची गाडी आलीय. यांच्या वाट्याला दारं-खिडक्या आल्यात. पिवळ्या रंगाचा डबा फोडलाय. माझ्यावरचा हा सातवा हात. डब्याच्या वासानेच काकांची छाती वाजायला लागलीय, आणि त्या पोरीने तासन् तास खपून मोकळ्या केलेल्या फटी आता पुन्हा भरणार आहेत. शाळेच्या मोठ्या माणसांनो, तुमच्या मुलांना जरूर पाठवा. पण हातात ब्रश देण्याआधी एकदा खाटेवरच्या माणसाला विचारू द्या हो, त्याला काय हवंय! एक शब्द लागतो. तेवढा ऐकायला वीस तास लागत नाहीत.

एक मुलगा भिजलेला ब्रश घेऊन माझ्यासमोर उभा राहिलाय. काकांना बोलता येईना. त्यांनी सगळा जीव एकवटून डावा हात उचलला आणि पंजा पसरून त्याला थांबायची खूण केली.

मुलाला वाटलं, आजोबा टाटा करताहेत. त्यानेही हसून हात हलवला, आणि ब्रश माझ्या फटीला लावला.