फौजीच्या मातीचा बिगूल

दवनीवाड्याच्या पितळी बाजाचा एक नेम होता. लग्न असो की बारसं, सुपारी घेतल्याशिवाय बाजावाले वाद्याला हात लावायचे नाहीत. पण लढाईवरून आलेला कोणी फौजी मेला, की न बोलावता जायचे आणि फुकट वाजवायचे. सरणाला अग्नी देण्याआधी बाजाचा म्होरक्या सेवकराम एकटाच बिगूल वाजवायचा. ती धून त्याला बकारामनं शिकवली होती. बकाराम म्हणजे पहिल्या लढाईतला पलटणीचा बिगूलवाला. 'फौजीच्या मातीले हेच वाजवजो,' एवढंच सांगून तोही गेला. सेवकरामनं ती धून वर्षानुवर्षं इमानानं वाजवली, आणि त्याचा त्याला गर्व होता. असू द्या ना, धानाच्या बांधीत कंबर मोडणाऱ्या माणसाला गर्व करायला दुसरं असतं तरी काय?

शेहेचाळीस साली दुसरी लढाई संपवून हवालदार चुन्नीलाल ब्रह्मदेशातून घरी आला. एका मातीला त्यानं ती धून ऐकली आणि परतताना सेवकरामला बाजूला घेतलं.

"काऊन गा, हे काय वाजवून राहिला तू? हा त जेवनाचा बिगूल आहे. लंगरात भात शिजला का वाजवतेत."

सेवकरामच्या पायाखालची जमीनच सरकली. म्हणजे इतक्या फौजींना आपण शेवटच्या घडीला जेवायला बोलावलं! गावाला कळलं तर शेंबडं पोरही हसेल. मेलेल्या बकारामला त्यानं मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या आणि बिगूल फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला.

पौषात म्हातारा खेमराज गेला. बकारामच्याच पलटणीतला, दोघं बरोबर लढलेले. आता नेम मोडता येईना आणि खोटं वाजवता येईना. सेवकराम बिगूल घेऊन निघाला खरा, पण ताटी उचलायच्या आधी खेमराजच्या बायकोसमोर, शामकलाबाईसमोर, जाऊन उभा राहिला.

"वहिनी, मी आज वाजवत नाही. आजवर चुकीचं वाजवलं. थो जेवनाचा बिगूल आहे. दादाची थट्टा होईल."

शामकलाबाईनं डोळे पुसले आणि ताटीवरच्या नवऱ्याकडे पाहिलं.

"यायले मालूम होतं."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"परतेक मातीवरून आले, आंघोळ केली, का भात मांगत. माया जीव जळे. एकदा म्हनलं, मानूस मेला नि तुमाले भूक कायले लागते? तवा यायनं सांगतलं. तुर्कानं पलटन वेढली होती. दाना संपला. पोरं भुकेनं मरून राहिली होती, नि मरता मरता इचारत, बिगूल वाजला का? बिगूल बकारामच्या हातात होता. पन वाजवल कसा? थाळीत वाढाले काही नोहोतं."

सेवकराम हातातल्या बिगुलाकडे बघत राहिला.

"म्हनून त्यानं तुले थोच शिकवला," ती म्हणाली. "आता जा, वाजव. यायले उपाशी नोको धाडू."

ज्याला शिव्या घातल्या त्या बकारामची मनोमन माफी मागत सेवकराम नदीवर गेला. चुन्नीलाल वर्दी घालून आला होता. बिगूल बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. सेवकरामनं शामकलाबाईचं बोलणं त्याला जसंच्या तसं सांगितलं.

खेमराजच्या लेकानं भाताचा पिंड ठेवला आणि सेवकरामनं बिगूल फुंकला. वरचा सूर फाटला, पण धून त्यानं पुरी केली. मग अग्नी दिला. माणसं हळूहळू गावाकडे वळली.

चुन्नीलाल मात्र जागचा हलला नाही. सेवकराम बिगूल फडक्यात बांधायला लागला तसा त्यानं हात धरला.

"थांब गा." तो म्हणाला, "माया तुकडीतले दोघं जवान तिकडंच ब्रह्मदेशाच्या जंगलात राहिले. रसद आलीच नाही. त्यायले ना माती भेटली, ना पिंड."

सेवकरामनं फडकं सोडलं. नदीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्या दोघांना जेवायला बोलावलं.