मानेची उजवी बाजू

परतूरच्या मोंढ्यात तातेरावांनी एकतीस वर्षं मापाडी म्हणून धान्य तोललं. पोतं हमालाच्या पाठीवर असतानाच ते नुसतं बघून वजन सांगायचे आणि किलो-अर्ध्या किलोच्या वर कधी चुकायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर तोलायला काही उरलं नाही, तेव्हा ते लेकीची चित्रं तोलू लागले.

लेक प्रियदर्शनी, गावातल्याच एका शाळेत चित्रकलेची बाई. वर्गात मुलांकडून मोर आणि कमळं काढून घ्यायची आणि उरलेला सगळा जीव स्वतःच्या वहीत ओतायचा, हाच तिचा संसार. स्टँडवर ताटकळलेल्या बाया, कापसाच्या गाडीवर आडवा झालेला ड्रायव्हर, पारावरचा पत्त्यांचा डाव, काही म्हणजे काही तिच्या पेन्सिलीतून सुटायचं नाही. एका लग्नात तर तिने पंगतीत जिलेबीवर तुटून पडलेल्या व्याह्यांचं चित्र काढलं आणि आईच्या, गिरिजाबाईंच्या, पोटभर शिव्या खाल्ल्या.

पण दिवसाची सुरुवात ठरलेली असायची. सकाळी सातला तातेराव पेपर घेऊन ओट्यावर बसत, गिरिजाबाई चहा आणून देत, आणि बाबांचा चहा संपायच्या आत प्रियदर्शनीने त्यांचं एक चित्र पुरं करायचं. कोपऱ्यात तारीख टाकायची. सहा वर्षांत अशा एकोणीस वह्या भरल्या होत्या.

चहा संपला की तातेराव चष्मा वर सरकवून वही हातात घेत. निकाल दोनच प्रकारचा, "बराबर" नाहीतर "बराबर न्हाई". पहिला निकाल सहा वर्षांत पाच-सात वेळाच लागला असेल. त्या दिवशी बाई वर्गात कुणावरही ओरडत नसत.

गेल्या हिवाळ्यात तिचा हात बिघडला. निदान तिला तसं वाटलं. बाबांची मान काढताना उजवी बाजू जाड यायला लागली. ती खोडायची, डाव्या बाजूसारखी सरळ रेघ ओढायची आणि स्वतःवर चरफडायची. लहानपणी बाबांनी तिला मोंढ्यातल्या तराजूपुढे उभं करून दाखवलं होतं की दोन्ही पारडी एका रेषेत आली तरच माप खरं. ते तिच्या हातात इतकं मुरलं होतं की माणसाच्या दोन बाजू सारख्या दिसल्या नाहीत, तर तिला माणसाची नाही, स्वतःच्या हाताची शंका यायची.

"काय झालं गं?" तातेराव पेपरातून डोकं वर काढून विचारत.

"ही मान, बाबा. रोज चुकून राह्यली. उजवीकडं फुगतीच."

"मंग खोड की. रबर कशाला हाय?"

होळीच्या सुमारास मात्र तिची त्या मानेतून सुटका झाली. तातेराव गळ्याला दस्ती गुंडाळून बसायला लागले, निळ्या काठाचा तो मोठा पांढरा रुमाल. तिला तर आनंदच झाला. मान काढायचं संकट टळलं, आणि कापडाच्या घड्या काढायला तिला फार आवडायचं. मे महिन्यात ओटा तव्यासारखा तापला तरी ती दस्ती गळ्यातून निघाली नाही. गिरिजाबाई कुरकुरल्या, "उन्हाळ्यात बी गळ्याला काय गुंडाळून बसता?" आमच्या चित्रकार बाईंना मात्र त्यात काही वावगं दिसलं नाही. घड्या सुरेख पडत होत्या ना!

ऑगस्टमध्ये तातेरावांना घास गिळवेना. जालन्याच्या डॉक्टरांनी आधी दस्ती सोडायला लावली. मानेच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती. तिथून संभाजीनगरला पाठवणी झाली, तपासण्या झाल्या, आणि तिथल्या डॉक्टरांनी कागदांवरून नजर न उचलता विचारलं, "कधीपासून आहे ही?"

"झाला असंल महिना-दीड महिना," तातेराव म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवली. मग प्रियदर्शनीला बाहेर बोलावून सांगितलं की महिन्या-दीड महिन्यात हे इतकं पसरत नाही. सात-आठ महिने आधी आणलं असतं तर काढून टाकता आलं असतं. आता त्यांना दुखू नये, एवढंच आपल्या हातात आहे.

घरी आल्यावर दुपारी तिने वह्या काढल्या. का काढल्या ते तिलाही सांगता आलं नसतं. जानेवारीतलं एक पान तिने खिडकीशी तिरपं धरलं. रबराने शिसं जातं, पण पेन्सिलीने कागदाला पाडलेली चर जात नाही. सरळ रेघेच्या बाहेर, उजव्या अंगाला, एक गोलसर चर स्पष्ट दिसत होती. डिसेंबरात ती जरा लहान होती. नोव्हेंबरात आणखी लहान. नऊ नोव्हेंबरच्या पानावर ती बोराएवढी होती. त्याआधीच्या पानांवर काहीच नव्हतं.

तिचा हात कधीच बिघडला नव्हता. बाबांचा आजार तिला रोज सकाळी दिसत होता. तिने तो अचूक काढला होता आणि रोज स्वतःच्या हाताने खोडून टाकला होता. प्रियदर्शनी त्या पसरलेल्या वह्यांत बसून तोंडात पदर कोंबून रडली.

संध्याकाळी ती बाबांच्या बाजेजवळ गेली. लपवून ठेवणं तिला शक्यच नव्हतं.

"बाबा, मला दिसलं व्हतं. नोव्हेंबरातच. मी खोडलं."

तातेरावांनी वही घेतली. चष्मा नव्हता, म्हणून त्यांनी पानावरून अंगठा फिरवला. चर बोटाला लागली तसा अंगठा तिथेच थांबला.  मग ते हसले.

"येडी का काय तू? तुला एकटीलाच दिसलं व्हतं का? माझ्या बी हाताला लागलं व्हतं की. पण दुखत नव्हतं, बिलकुल न्हाई. म्हणलं, असंल एखादी गाठ. पण तू रोज सकाळी त्या मानेपायी सोताला बोल लावून राह्यली, म्हणून मंग दस्ती गुंडाळली. म्हणलं, पोरीचं चित्र बिघडाया नको."

लेकीचं ओझं हलकं व्हावं म्हणून ते बोलले बिचारे. पण त्या बोलण्याने तिचं काळीज फाटलं. मान उघडी असती तर आईला दिसलं असतं, शेजाऱ्याला दिसलं असतं, मोंढ्यातल्या एखाद्या हमालाने तरी हटकलं असतं. तिच्या चित्रासाठी तातेरावांनी ती सगळ्या जगापासून झाकून ठेवली होती.

त्यानंतर तिने पेन्सिल धरली नाही. वह्या पत्र्याच्या पेटीत गेल्या. सकाळी ती चहाच्या वेळेला ओट्याकडे फिरकेनाशी झाली.

तीन आठवड्यांनी एका सकाळी आतून आवाज न देता तातेराव स्वतःच भिंत धरत ओट्यावर येऊन बसले. त्यांनी गळ्यातली दस्ती सोडली, घडी करून मांडीवर ठेवली.

"प्रिया, वही आण."

"नको, बाबा."

"आण गं बाई. चहा निवून राह्यला."

ती वही घेऊन समोर बसली. पूर्वी चहा दहा मिनिटांत संपायचा. आता गिरिजाबाई चमच्या-चमच्याने पाजत होत्या आणि प्रत्येक घोटाला ते डोळे मिटून थांबत होते, त्यामुळे तिला हवा तेवढा वेळ होता. कपाळ झालं, नाक झालं, खोल गेलेले गाल झाले. मानेची डावी रेघ सरळ उतरली. उजवी कानाखालून निघाली, बाहेर गेली, गाठीला वळसा घालून खांद्यापाशी आली. सवयीने तिचा हात रबराकडे गेला. तिने रबर उचललं आणि मुठीत घट्ट दाबून धरलं.

तातेरावांनी वही मागून घेतली. चष्मा वर सरकवला. गिरिजाबाईंनी तोंड फिरवलं, पण ते मात्र पोतं जोखावं तसं चित्र निरखत राहिले.

"बराबर," ते म्हणाले, आणि वही तिच्यापुढे धरली. "तारीख टाक."